साहेबांच्या व्हिस्कीतले मीठ

आमच्या घरात व्हिस्की एकदाच आली, आणि ती खोकल्याच्या औषधाच्या बाटलीतून आली. बाटलीवर कंपाउंडरने कात्रीने दातेरी कापलेली कागदाची पट्टी चिकटवली होती. एक दात म्हणजे एक डोस. व्हिस्की चार दातांपर्यंत होती. ती का आणली आणि कोणी प्यायली हे सांगायचे तर दोन महिने मागे जावे लागेल.

ऐंशीच्या दशकाचा मध्य. मराठी मुलखाला लागून असलेल्या तेलुगू राज्यात, भैंशाहून निर्मलकडे जाणाऱ्या रस्त्यावर सरकीच्या तेलाचा एक कारखाना होता. मालक बाहेरचे. कारखान्याला लागून कामगारांच्या क्वार्टरांच्या तीन ओळी होत्या आणि पलीकडे चिंचेखाली एक गेस्टहाउस होते. माझे वडील तिथे बेरा, म्हणजे वाढपी, होते. नऊ वर्षे काम करून ते अजून रोजंदारीवरच होते. कायम नसतानाही आम्हाला क्वार्टर मिळाले होते, कारण गेस्टहाउसच्या माणसाला पहाटेचा चहा द्यावा लागे आणि रात्रीचे जेवण आवरावे लागे. क्वार्टर म्हणजे दीड खोली, मागे न्हाणी आणि कढीपत्त्याचे एक झाड. मी तेव्हा सतरा वर्षांची होते आणि भैंशाला इंटरमिजिएटच्या पहिल्या वर्षाला, म्हणजे अकरावीला, होते. सायकलने जात असे.

गेस्टहाउसमध्ये एक खोली होती, तिला सगळे क्लब म्हणत. तिच्यात एक कपाट, सहा खुर्च्या आणि निर्मलच्या कारागिरांनी सोनेरी वेलबुट्टी काढलेला एक लाकडी ट्रे होता. पाहुण्यांची पेये तयार करण्याचे काम एका म्हाताऱ्या खानसाम्याकडे होते. तो सिकंदराबादेत शिकून आलेला. तो पेय बनवताना पाठ फिरवून उभा राही. वडील जवळ गेले की म्हणे, "मियाँ, तुम बरफ देखो." त्यामुळे नऊ वर्षांत वडिलांना खानसाम्याची पाठ पाठ झाली होती, कृती नाही. पेयाचा झाकणाचा डबा किती वेळा हलतो तेवढे मात्र त्यांनी कानाने मोजून ठेवले होते. अठ्ठावीस वेळा.

त्या वर्षी खानसाम्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि मुलगा येऊन त्याला घेऊन गेला. आठवडाभरात मॅनेजरांनी वडिलांना बोलावले. मॅनेजर तेलुगू होते, बोलायला सौम्य. त्यांनी जे सांगितले ते वडिलांनी घरी येऊन जसेच्या तसे सांगितले. मुंबईचे मोठे साहेब श्रावणात येणार आहेत. जेवणाआधी ते एकच पेय घेतात, व्हिस्की सावर. ते तुला जमले तर खानसाम्याच्या जागेवर कायम म्हणून तुझे नाव पाठवतो. जमले नाही तर हैदराबादहून माणूस येईल आणि त्याला राहायला क्वार्टर लागेल.

शेवटचे वाक्य मॅनेजरांनी पुन्हा उच्चारले नाही. वडिलांनी घरी ते दोनदा उच्चारले.

आई भाकरी थापत होती. तिने विचारले, "मंग आपण कुठं जाऊन राह्यलो?"

"कुठं नाही. आदी पेय तं करून पाहू."

"तुमी कदी चाखलं तरी का ते?"

 वडिलांनी ते चाखले नव्हते. कोणतीच दारू चाखली नव्हती. त्यांच्या थोरल्या भावाला मोहाच्या दारूने नेले होते. दारूचा थेंब घरात नको हा नियम आईचा नव्हता, वडिलांचा होता. आयुष्यभर त्यांनी इतरांसाठी ट्रे वाहिला आणि नियम मोडला नाही.

मॅनेजरांनी एका इंग्रजी मासिकातले पान दिले होते. ते वाचून सांगण्याचे काम माझे. मी कृती शाळेच्या वहीत मराठीत उतरवली. व्हिस्की दोन भाग, लिंबाचा रस एक भाग, साखरेचा पाक एक भागाहून थोडा कमी, एका अंड्याचे पांढरे. सगळे झाकणाच्या भांड्यात घालून जोरात हलवायचे, मग बर्फ घालून पुन्हा हलवायचे, गाळून ग्लासात ओतायचे. वर बोटभर फेस आला पाहिजे.

"वाच पुन्हा," वडील म्हणाले. मी वाचले.

"हे तं लिंबाचं सरबत हाय," आई म्हणाली. "त्याच्यात घाण टाकेल."

सराव आमच्या घरी सुरू झाला. साहेबांच्या येण्याला अकरा दिवस होते. व्हिस्की घरात येणार नव्हती, म्हणून तिच्या जागी आम्ही कोरा चहा वापरला. पातळ केला की रंग तोच येई. माप म्हणून ती खोकल्याची बाटली: चहा दोन दात, रस एक दात, पाक पाऊण दात. हलवायला फिरकीचा तांब्या होता. आई माहेरी जाताना प्रवासात पाणी नेण्यासाठी तो वापरत असे. बर्फ नव्हता, रांजणातले पाणी होते.

अंड्याचा प्रश्न मोठा होता. श्रावण होता. एरवी आमच्याकडे अंडे चाले, पण श्रावणात उंबऱ्याच्या आत येत नसे. आईने तोडगा काढला. अंडे न्हाणीच्या दगडावर फोडायचे, पांढरे वाटीत घ्यायचे, तांब्या मागच्या अंगणातच हलवायचा आणि टरफले कढीपत्त्याच्या बुडाशी पुरायची. पिवळे बलक ओळीतल्या एका मांजरीच्या वाट्याला गेले. ती चौथ्या दिवसापासून वेळेवर येऊन बसू लागली.

आणि मग मीठ.

पहिल्याच संध्याकाळी वडिलांनी लिंबू पिळले, पाक घातला, चहा घातला आणि त्यांचा उजवा हात चुलीजवळच्या मिठाच्या बरणीत गेला. मी पाहत होते. चिमूट तांब्यात पडली.

"बा, मीठ नाही यात."

"काऊन नाही?"

"लिहेल नाही."

"पुन्हा पाह्य."

"चारदा पाह्यलं."

"मंग लिहिणारा विसरला असन. मिठाबिगर लिंबाचं काही होते का?"

आमच्या भागात होत नाही. शेतात, लग्नात, बारशाला, तापातून उठलेल्या माणसाला, कुठेही लिंबाचे पाणी दिले की साखर कमी-जास्त होते, पण मिठाची चिमूट चुकत नाही. मिठाशिवायचे सरबत माझ्या पाहण्यात तोवर कोणी केलेले नव्हते. वडिलांचा हात चाळीस वर्षे तेच करत आला होता. पण कृतीत मीठ नव्हते आणि साहेब कृतीतले पीत होते.

दुसऱ्या दिवशी आईने बरणी उचलून खोलीच्या दुसऱ्या टोकाला, देव्हाऱ्याखालच्या फळीवर ठेवली. तरी लिंबू पिळून झाले की हात जुन्या जागी जाई. तिथे हवेत चिमूट धरून तो तांब्यावर येई आणि रिकामी चिमूट तांब्यात सोडली जाई. माझे काम ठरले: कृती वाचायची आणि हातावर नजर ठेवायची. तिसऱ्या दिवशी वडिलांनी अंगठ्याला आणि तर्जनीला मिळून एक लाल दोरा बांधला. दोरा ताणला की आठवण व्हावी म्हणून. सहाव्या दिवशी हात निघाला आणि अर्ध्यावर थांबला. आठव्या दिवशी निघालाच नाही. मी ते वहीत लिहिल्याचे आठवते.

चहाचे व्हिस्की सावर आम्ही तिघेही अंगणातच पीत होतो; अंड्याचा नियम उंबऱ्यापुरता धरला होता. फेस येत होता. फक्त चव तपासायला कोणी नव्हते, कारण बरोबर चव कशी असते ते तिघांपैकी कोणालाच माहीत नव्हते.

शेजारच्या क्वार्टरात बॉयलरवर काम करणारा एक माणूस आणि त्याची बायको राहत. बायकोला ओळीतले सगळे अक्का म्हणत. नवव्या दिवशी ती कुंपणाशी येऊन उभी राहिली. वडिलांच्या हातात तपकिरी पेयाचा ग्लास होता, वर पांढरा फेस.

"रोज संध्याकाळी चालून राह्यलं का?" अक्का आईला म्हणाली. "अन् ते बी बालबच्च्यायसमोर."

"चहा हाय तो."

"चहाला फेस येते? अन् अंडं? काल झाडाखाली मांजर उकरून राह्यली होती, टरफल निंघालं. श्रावण हाय ना तुमच्यात?"

"दवाई हाय, अक्का."

"कोणाला काय झालं?"

"नोकरीला," आई म्हणाली आणि आत निघून गेली.

दोन दिवसांत ओळीभर झाले की बेरा पिऊ लागला. त्यामुळे काळजीत भर पडली. ही गोष्ट मॅनेजरांच्या कानावर गेली तर साहेबांपर्यंत नाव जाण्याआधीच गळेल, असे वडिलांना वाटू लागले. ते आईला म्हणाले, "न पेणाऱ्याले पेणारा म्हणतेत अन् पेय तं येतच नाही." आईला हसू आले. वडिलांना आले नाही.

साहेब आले तो श्रावणातला सोमवार होता. पुढचे मी पाहिलेले नाही. वडिलांनी दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितले तसे लिहिते. साहेब मुक्कामाला असले की वडिलांनाही गेस्टहाउसवरच झोपावे लागे, म्हणून रात्रभर आम्हाला काही कळले नाही. आईने दाराची कडी लावली, काढली, पुन्हा लावली. मी भूगोलाचे एकच पान वाचत होते.

वडील सकाळी आठला आले. खाटेवर बसले. चपला काढल्या नाहीत.

"झालं का?" आईने विचारले.

"झालं."

"मंग?"

"मीठ पडलं का नाही, मले आठवून नाही राह्यलं."

हळूहळू हकीकत कळली. क्लबमध्ये साहेब आणि मॅनेजर दोघेच होते. मॅनेजर श्रावणात पीत नसत. त्यांनी लिंबू-सोडा मागितला, मीठ घालून. म्हणजे वडिलांसमोर दोन भांडी शेजारी शेजारी आली. एक शेकर, म्हणजे तो हलवायचा डबा, आणि एक ग्लास. दोन्हीत लिंबू पिळायचे होते. मीठ निर्मलच्या रंगीत लाकडी डबीत ट्रेवरच होते. अंगठ्याचा दोरा साहेबांना दिसू नये म्हणून त्यांनी सोडून ठेवला होता. चिमूट उचलल्याचे त्यांना आठवत होते. ती ग्लासात पडली, शेकरमध्ये पडली, की दोन्हीत, हे आठवत नव्हते. त्या क्षणी मागून साहेबांनी काही तरी म्हटले होते, आणि वडिलांनी मान वळवली होती.

"साहेब काय म्हणले?"

"इंग्रजी."

"अन् पेय घेतल्यावर?"

"पाह्यलं गिलासाकडं. हसले. मॅनेजरसाहेबायसोबत बोलले. गिलास पुरा केला."

"दुसरा मागितला?"

"नाही. पण ते एकच घेते."

मी पुढे आयुष्यभर जो धंदा केला, त्यात एखादी घटना घडली की नाही हे कसे ठरवायचे याचे काही नियम असतात. ते मला तेव्हा माहीत नव्हते. तरी मी विचारले, "बा, मॅनेजरसाहेबांना विचार ना, सोड्यात मीठ होतं का म्हणून. त्यात नसलं म्हणजे इकडं गेलं."

"विचारलं म्हंजे सांगतलं," वडील म्हणाले.

त्यांचे बरोबर होते.

साहेब सकाळीच नांदेडकडे निघून गेले होते. मॅनेजर आठवडाभर काही बोलले नाहीत. वडिलांनी एकदा विषय काढला तेव्हा ते म्हणाले, "चूद्दाम." म्हणजे पाहू. त्या शब्दावर आमच्या घरात पुष्कळ चर्चा झाली. आईच्या मते नाही म्हणायचे असते तर माणूस तोंडावर नाही म्हणतो. वडिलांच्या मते मॅनेजर तोंडावर नाही म्हणणारे माणूस नव्हते. याच काळात हैदराबादहून एक पोस्टकार्ड ऑफिसात आल्याचे शिपायाने सांगितले. कोणाचे, ते त्याला माहीत नव्हते. वडिलांची झोप कमी झाली. ते पहाटे उठून अंगणात बसू लागले. बोटांकडे पाहत.

घटस्थापनेच्या आधी मॅनेजरांनी त्यांना बोलावले. साहेब नवरात्रात पुन्हा येणार होते, आणि कायम करण्याचा कागद सहीसाठी त्यांच्यासमोर ठेवला जाणार होता. साहेबांनी फोनवर बेऱ्याची आठवण काढली होती. मॅनेजरांनी त्यांचे शब्द हिंदीत सांगितले: "उस दिन जो बनाया था, वही चाहिए."

वडील घरी आले ते त्याच जागी, त्याच खाटेवर बसले.

"वही," ते म्हणाले. "वही म्हंजे कोणतं?"

ही गोष्ट दुरून पाहिली तर हसण्यासारखी आहे. त्या खोलीत कोणी हसत नव्हते. मीठ पडले होते आणि ते साहेबांना आवडले होते, तर आता मीठ न घालणे म्हणजे दुसरेच पेय देणे. मीठ पडले नव्हते, तर आता ते घालणे म्हणजे साहेबांच्या ग्लासात खारट पाणी. दोन्हीकडे क्वार्टर पणाला होते. माझी वार्षिक परीक्षा मार्चमध्ये होती. गावाकडे काकांच्या घरात आमच्यासाठी एक पडवी होती, आणि तिथून भैंशाला सायकलने जाता येत नव्हते.

मीच सुचवले की एकदा खरे पेय दोन्ही प्रकारांनी करून पाहावे. वडील दोन दिवस नाही म्हणाले. तिसऱ्या दिवशी ते मॅनेजरांकडे गेले. सराव करतो एवढेच सांगितले. मॅनेजरांनी उघड्या बाटलीतून स्वतःच्या हाताने खोकल्याच्या बाटलीत ओतून दिले, चार दातांपर्यंत. अशी व्हिस्की आमच्या घरात आली. ती उंबऱ्याबाहेरच राहिली, न्हाणीच्या दगडावर, वर उपडी वाटी. आई तिच्याकडे पाठ करून धुणे धूत होती.

वडिलांनी दोन ग्लास केले. एक कृतीप्रमाणे, एक मीठ घालून. फेस सारखाच आला, रंग सारखाच, आणि वास असा की आईने पदर नाकाला लावला.

आता प्यायचे कोणी? वडील पिणार नव्हते. आई आणि मी यांचा प्रश्नच नव्हता. शेवटी ज्या घरातून आमची बदनामी सुरू झाली होती त्याच घरी जावे लागले. बॉयलरवाला ड्यूटीवरून नुकताच आला होता, अंगावर सरकीच्या तेलाचा वास. काय करायचे आहे हे ऐकल्यावर त्याने लगेच हातपाय धुतले. अक्का कुंपणाशी कमरेवर हात ठेवून उभी.

त्याने पहिला ग्लास घेतला. मग दुसरा. मग पुन्हा पहिला.

"कसं?" वडिलांनी विचारले.

"थांबा ना भाऊ. घाई काऊन करून राह्यले?"

दोन्ही ग्लास अर्धे झाले.

"हे," तो पहिल्याकडे बोट दाखवून म्हणाला, "औषदावानी हाय. अन् हे सरबतावानी."

"चांगलं कोणतं?"

"औषद अंगाला चांगलं. सरबत जिभेला."

"साहेबाले कोणतं द्यावं?"

"साहेबाले?" त्याने दोन्ही ग्लास पुरे केले. "समजलं नाही बरोबर. अजून एकेक कराल का?"

"उठा!" अक्का ओरडली. "पोरगी पाहून राह्यली!"

चार दात संपले होते. हाती काही लागले नव्हते. वडील ग्लास विसळत होते. पाणी कढीपत्त्याच्या बुडाशी जात होते. आईने पिळलेले धुणे दोरीवर टाकले आणि ती वडिलांकडे न पाहता बोलली.

"तुमी कदी एकाच गिलासात मीठ टाकलं का?"

"म्हंजे?"

"पाव्हणे आले म्हंजे गिलास ओळीनं मांडता. लिंबू पिळता. मंग चिमूट घेता अन् या टोकापासून त्या टोकापर्यंत नेता. एकेका गिलासात येगळी चिमूट टाकताना मी नाही पाह्यलं. तुमची चिमूट तिफनीवानी चालते. एक तास पेरून थांबत नाही."

तिफन म्हणजे आमच्याकडची तीन दात्यांची पाभर, आणि तास म्हणजे तिने पेरलेली एक ओळ. वडिलांचे घराणे ज्वारी-कापसाचे, आणि त्यांनी लहानपणी तिच्यामागे चालून हाताने बी सोडले होते. आई जे सांगत होती ते मी शेकडो वेळा पाहिले होते आणि माझ्या कधी लक्षात आले नव्हते. सरावात एकच तांब्या होता. त्या रात्री मात्र दोन भांडी ओळीत होती.

वडिलांनी उजव्या हाताकडे पाहिले.

"म्हंजे पडलं," ते म्हणाले.

"मी तं तेच म्हणते."

"म्हणते. पाह्यलं नाही."

"मंग तसंच करा. होतं तसं मांडा. हात करन ते करू द्या."

ठरले ते असे. नवरात्रात मॅनेजर पुन्हा लिंबू-सोडाच घेणार होते. शेकर आणि ग्लास त्याच क्रमाने ठेवायचे, मिठाची डबी ट्रेवर त्याच कोपऱ्यात, अंगठ्याला दोरा नाही. चिमूट उचलायची आणि अडवायची नाही. वडिलांचा याच्यावर विश्वास बसला होता असे मला वाटत नाही. त्यांच्याजवळ दुसरे काही नव्हते.

साहेब चौथ्या माळेला आले. पुन्हा ती रात्र आम्ही दोघींनी काढली. आईने देवीपुढच्या दिव्यात तेल घातले, नवस बोलली नाही. मी कारण विचारले तेव्हा म्हणाली, "दारूसाठी नवस कसा बोलावा बाई?"

वडील सकाळी साडेसातला आले. या वेळी त्यांनी चपला दाराबाहेर काढल्या. शर्टाच्या खिशातून घडी केलेला कागद काढून माझ्या हातात दिला. टाइप केलेला, इंग्रजी, खाली निळ्या शाईत सही. मी वाचला. कायम. हुद्दा, महिन्याचा पगार, क्वार्टर क्रमांक. वडील म्हणाले, "पुन्हा वाच." मी पुन्हा वाचला, मराठीत.

आई खाली बसली. थोड्या वेळाने तिने विचारले, "मीठ?"

"पडलं. या डावा मी पाह्यलं. दोन्हीत पडलं."

"म्हंजे मागच्या बारीबी पडलंच होतं."

वडील खाटेवर टेकले. मग म्हणाले, "साहेबानं एक घोट घेतला. मॅनेजरसाहेबाले हिंदीत म्हणले, म्हून मले समजलं. म्हणले, 'आज अच्छा बना है. पिछली बार से अच्छा.'"

 मागच्यापेक्षा चांगले. म्हणजे मागच्या वेळी मीठ नव्हते. किंवा जास्त होते. किंवा लिंबे वेगळी होती, किंवा साहेबांची भूक. कागद माझ्या हातात होता आणि त्यावर सही होती. तरीही वडील खाटेवर पूर्वीसारखेच बसले होते, बोटांकडे पाहत. साहेब दोन महिन्यांनी पुन्हा येणार होते.

त्यानंतर नव्वदच्या दशकात राज्यात दारूबंदी येऊन ते कपाट रिकामे होईपर्यंत वडील ते पेय करत राहिले. दर वेळी शेजारी एक लिंबू-सोडा करत, मॅनेजरांनी मागितला नसला तरी. कोणी काही विचारले नाही. बंदी आली तेव्हा मी नांदेडच्या एका वर्तमानपत्रात बातम्या लिहीत होते. मी वडिलांना विचारले, आता बरे वाटते का. ते म्हणाले, "चहा बिघडला तं माणूस चहा बिघडला म्हणते. त्यात काही कोडं नाही."

पण हे सगळे नंतरचे. त्या सकाळी आई उठली. कागद माझ्या हातातून घेऊन तिने देव्हाऱ्यात ठेवला, आणि खालच्या फळीवरची मिठाची बरणी उचलून दोन महिन्यांनी चुलीजवळ, उजव्या हाताला, जुन्या जागी ठेवली.

"सरबत करा एक एक," ती वडिलांना म्हणाली. "चहाबिगरचं."

वडिलांनी तीन ग्लास ओळीने मांडले.